रिपोर्ट हिरवा, टायर आतून खाल्लेला: एका जुन्या पिकअपचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: पुढचा डावा टायर आतून खातोय.

गाडी पंधरा वर्षांपुढची पिकअप. पुढच्या प्रत्येक चाकाला वरचा आणि खालचा असे दोन आर्म, त्यांना तोलणारा टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. मागे सरळ ॲक्सल आणि स्प्रिंगचे पाटे. स्टिअरिंगला रॅक नाही. जुन्या पद्धतीचा बॉक्स, त्याला पिटमन आर्म, मधला आडवा दांडा आणि बॉक्सच्या विरुद्ध बाजूला तो दांडा पेलणारा आयडलर आर्म. या गाडीत आयडलर डाव्या बाजूला येतो. इंजिन ठणठणीत, गिअर स्वच्छ पडत होते. मालक गाडी जपणारे; ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल कधी बदललं याची वही ठेवणारे.

पुढच्या दोन्ही चाकांना त्यांनी नवी जोडी घातली होती. बाहेरून उभं राहून पाहिलं तर दोन्ही टायर जवळजवळ नवे. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून डाव्या चाकाच्या मागे डोकावलं की खरी अवस्था दिसायची: आतल्या कडेच्या खोबणीत झीज दाखवणारा उंचवटा (वेअर बार) आणि रबर एका पातळीत, म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटरवर आलेली. कडेच्या दोन बोटं रुंद पट्ट्यात तर खोबण शिल्लकच नव्हती. त्याच टायरच्या बाहेरच्या कडेला सात मिलिमीटर नक्षी होती. उजवा टायरही आतून थोडा उतरला होता, पण डाव्याच्या मानाने काहीच नाही. शिवाय ताशी ऐंशीच्या आसपास स्टिअरिंग थरथरायचं आणि नव्वदच्या पुढे शांत व्हायचं.

प्रकरण लिहून काढण्याजोगं वाटलं ते पुढच्या गोष्टीमुळे. टायर घातल्यापासून मालकांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं काम, करून घेतलं होतं आणि दोन्ही छापील रिपोर्ट सोबत आणले होते. दोन्हींवर सगळे आकडे हिरवे. त्यांचा प्रश्न रास्त होता: "भाऊ, मशिन म्हणतंय सगळं बरोबर आहे. मग टायर कोण खातंय?"

आधी चार सल्ले

पिकअप वापरणारी चार माणसं जमली की बोलणं फिरून टायरवरच येतं. या मालकांच्या ओळखीतही तसे जुनी गाडी बाळगणारे तिघं-चौघं होते आणि प्रत्येकाने निदान करून टाकलं होतं. एक म्हणाला, हवा कमी पडतेय, पुढे चाळीस ठेव. दुसरा म्हणाला, टायरच भिकार निघाला, कंपनी बदल. तिसऱ्याचं म्हणणं, मागच्या टायरांना अजून भरपूर नक्षी आहे, ते पुढे आण आणि पुढचे मागे टाक, उगाच खर्च कशाला. चौथ्याने सरळ सांगितलं, गाडी म्हातारी झाली, आता आज एक उद्या एक निघणारच, विकून मोकळा हो.

या सल्ल्यांना मी हसलो नाही. प्रत्येकाच्या स्वतःच्या गाडीवर तो तो उपाय कधीतरी लागू पडलेला असतो, म्हणूनच माणूस इतक्या खात्रीने सांगतो. पण टायर कसा झिजलाय हे बघण्याआधी दिलेला सल्ला आणि बघून दिलेला सल्ला यांत फरक पडतो.

हवेचंच घ्या. हवा कमी असली तर टायर दोन्ही कडांनी झिजतो, जास्त असली तर मधोमध. फक्त आतली एकच कड जाणं हे हवेचं काम नव्हे. मालकांनी सल्ला मानून पुढे खरंच चाळीस पीएसआय ठेवली होती. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर पुढच्यासाठी तीस लिहिलेलं होतं. हवा वाढवल्याने टायर टणक झाला, जमिनीला टेकणारा भाग लहान झाला, आणि खराब रस्त्यावरचा प्रत्येक दणका आधीच सैल पडलेल्या सांध्यांवर जास्त जोराने बसू लागला. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा बघून हवा भरणारे बरेच भेटतात. तो आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीला किती हवी ते गाडीवरची पट्टी सांगते. हवा मोजायची ती गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो, आणि धावून तापलेल्या टायरमध्ये त्याहून बराच जास्त.

कंपनीच्या दोषाचं उत्तर याहून सोपं. टायर मुळातच वाईट असता तर तो चहूकडून वाईट झिजला असता, आणि जोडीतला उजवा टायर इतका बरा राहिला नसता.

हात फिरवल्यावर

झिजलेल्या टायरवर पहिली तपासणी हाताची. गेज, मशिन नंतर. तळहात नक्षीवर आडवा ठेवायचा आणि आतल्या कडेकडून बाहेर न्यायचा, मग बाहेरून आत आणायचा. या टायरवर आतून बाहेर जाताना हात गुळगुळीत सरकला. बाहेरून आत येताना नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना लागत होती, करवतीच्या दात्यांवरून उलटा हात फिरवावा तशी. ही खूण टोची, म्हणजे पुढची दोन चाकं वरून पाहता समांतर नसल्याची, आणि धार या दिशेने लागते तेव्हा टो-आउटची: चाकं पुढच्या बाजूला एकमेकांपासून फाकलेली आहेत आणि टायर सरळ लोळण्याऐवजी थोडा थोडा आडवा घासला जातोय. उलट दिशेने धार लागली असती तर टो-इन, म्हणजे चाकं पुढून जवळ आलेली, समजायचं. नुसता कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकण्याचा कोन, बिघडलेला असेल तर टायर एका कडेला उतरता झिजतो, पण अशी धार येत नाही. इथे दोन्ही होतं: धारही आणि उतारही.

टोचा थोडा फरक किती नुकसान करतो याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. सातशे मिलिमीटर व्यासाचा टायर धरा. दोन्ही चाकांचा मिळून टो पाच मिलिमीटर चुकला, तर हिशोबाने प्रत्येक टायर एका किलोमीटरमागे साडेतीन मीटर आडवा फरपटतो. हजार किलोमीटरला साडेतीन किलोमीटर. इंजिन ते ओढतंय आणि डांबर त्यावर कानस फिरवतंय.

पण रिपोर्टवर टो हिरवा होता. मग हा टो-आउट येतो कुठून?

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अलाइनमेंटचं मशिन उभ्या गाडीचं मोजमाप घेतं. टायर मात्र चालत्या गाडीचा हिशोब ठेवतो. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीत पुढची चाकं धावताना रस्त्याच्या ओढीने मागे रेटली जातात. सांध्यांत जी काही सैलता असेल ती त्या रेट्याने उघडते, आणि चाकं पुढून फाकतात. म्हणूनच अशा गाड्यांना उभ्या स्थितीत थोडा टो-इन ठेवायला सांगतात, धावताना तो शून्याजवळ यावा म्हणून. सांधे घट्ट असतील तर हा हिशोब जमतो. सैल असतील तर मशिनवर दिसलेला टो गाडी रस्त्यावर येईपर्यंतच टिकतो.

म्हणजे शोधायची होती ती सैलता.

यासाठी गाडी उचलायची नाही. चारी चाकं जमिनीवर, इंजिन चालू. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडंसंच, डावी-उजवीकडे हलवत राहायचं, आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. हॅंडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना दगड, आणि आतल्या माणसाने कितीही वाटलं तरी मोठा वळसा द्यायचा नाही. बोटं कुणाचीही असोत. सांधा चांगला असेल तर दोन्ही भाग एकत्र हलतात. सैल असेल तर एक भाग हलतो, दुसरा जरा थांबतो आणि मग हलतो. तो थांबा बोटाला कळतो, डोळ्याला पुष्कळदा कळत नाही.

मधल्या दांड्यापासून चाकांकडे जाणाऱ्या टाय रॉडची चारही टोकं ठीक. पिटमन ठीक. आयडलर आर्मवर बोट ठेवलं आणि प्रश्न निम्मा सुटला. स्टिअरिंग हलवलं की आर्म बाजूला वळण्याआधी वर उचलला जात होता. त्याचं बुश, म्हणजे सांध्यातलं झिजणारं अस्तर, संपलेलं. मधल्या दांड्याचं डावं टोक असं वरखाली झालं की डाव्या चाकाचा टो दर खड्ड्याला बदलणार. आणि ऐंशीच्या वेगात चाकाचा किंचितसा असमतोलही अशा सैल टोकाला हलवत ठेवणार. आधीच्या दोन्ही ठिकाणी टाय रॉडचे नट सैल करून आकडे हिरवे केले गेले होते, पण आयडलरला कुणी हात लावलेला दिसत नव्हता. त्याच्यावरचा चिखलाचा थर जुना आणि अखंड होता.

यानंतर चाक उचललं. बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा गोल डोक्याचा सांधा, तपासताना जॅक कुठे लावायचा हे स्प्रिंग किंवा बार कुठे बसलाय त्यावर ठरतं. या गाडीत टॉर्शन बार खालच्या आर्मवर, म्हणजे वजन पेलणारा जॉइंट खालचा. जॅक चेसीखाली लावला तर बार त्या जॉइंटला ताणून धरतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जितका जवळ जाईल तितका लावला तरच भार उतरतो. मग चाकाखाली पहार घालून उचलून बघायचं. चाक वर आणि खाली धरून हलवलं की खेळ जाणवला; ब्रेक दाबून धरायला सांगितलं, तरीही राहिला. ब्रेक दाबल्यावर नाहीसा झाला असता तर दोष बेअरिंगचा. डाव्या खालच्या बॉल जॉइंटचं आयुष्य संपलं होतं.

गाडी एका बाजूला बसलेली

आता कॅम्बर. रिपोर्ट पुन्हा वाचला, या वेळी रंग सोडून आकडे. डाव्या चाकाचा कॅम्बर उणे ०.४ अंश, उजव्याचा अधिक ०.३. दोन्ही दिलेल्या मर्यादेत, म्हणून दोन्ही हिरवे. पण दोन बाजूंमधला फरक ०.७ अंश; साधारणपणे तो अर्ध्या अंशाच्या आत ठेवायचा असतो. हिरवा म्हणजे मर्यादेत बसणारा. मशिन चालवणाऱ्याने रंग बघितला आणि कागद दिला. मालकांना त्या दोन आकड्यांकडे बोट दाखवून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

फरक का पडला ते उंची मोजल्यावर कळलं. जुन्या गाडीत उंची मडगार्डच्या कमानीपासून मोजू नये. बॉडीखालची रबरं बसलेली असतात, पत्रा कधी ठोकून सरळ केलेला असतो, कमान खोटं बोलते. मोजायचं ते खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टपासून जमिनीपर्यंत आणि बॉल जॉइंटपासून जमिनीपर्यंत, आणि त्या दोहोंतला फरक दोन्ही बाजूंना पडताळायचा. डावी बाजू अठरा मिलिमीटर खाली होती. अशा सस्पेन्शनमध्ये बाजू खाली बसली की आर्मचे कोन बदलतात, चाकाचा माथा आत झुकतो आणि टोही सरकतो.

बार थकलाय असं आधी वाटलं. वयानुसार टॉर्शन बार थोडे बसतातच. पण सहसा दोन्ही बाजू बसतात. एकच बाजू अठरा मिलिमीटर बसणं पटेना. गाडीखाली बारच्या मागच्या टोकाला, जिथे त्याचा ताण कमी-जास्त करायचा बोल्ट असतो, तिथे टॉर्च मारला. उजव्या बोल्टचे जितके आटे नटाच्या बाहेर दिसत होते, डाव्याचे त्याच्या निम्मेही नव्हते. शिवाय डाव्या बोल्टवर पाना लागल्याच्या ताज्या खुणा, उजव्यावर जुना गंज. मालकांनी वही उघडली. दीड वर्षापूर्वी डाव्या खालच्या आर्मची बुशं बदलली होती. त्या कामासाठी बारचा ताण उतरवावाच लागतो. उतरवला होता, परत चढवताना जिथे होता तिथपर्यंत चढवला नव्हता. सोडण्याआधी बोल्टचे आटे मोजून खडूने चेसीवर लिहून ठेवले की हा घोळ होत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम.

मागच्या बाजूला फार वेळ गेला नाही. पाट्यांचे मधले बोल्ट शाबूत, यू-बोल्ट घट्ट, दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सारखं. ॲक्सल सरकलेला नव्हता. पाट्यांचं टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याची, म्हणजे शॅकलची, बुशं चेपलेली होती, ती बदलाच्या यादीत गेली.

भरपूर नक्षी असलेले मागचे टायर

तिसऱ्या मित्राचा सल्ला, म्हणजे मागचे टायर पुढे आणायचा, मालकांना मनापासून पटलेला होता. खरंच नक्षी भरपूर होती, सहा मिलिमीटरच्या वर. एरवी टायर फिरवत राहणं ही चांगली सवय आहे. आठ-दहा हजार किलोमीटरला फिरवले की चारी सारखे झिजतात. या गाडीत मात्र ते दोन्ही दिशांनी चुकीचं ठरलं असतं.

आधी मागून पुढे येणाऱ्यांचं. टायर कधी बनला ते त्याच्या कडेवर लिहिलेलं असतं: डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१२ असेल तर २०१२ सालचा तेविसावा आठवडा. चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची, त्याआधी तीनच असत. पूर्ण ओळ पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती नेमकी आत गेलेली असते. इथेही तसंच होतं. बाहेरच्या बाजूला ओळ अर्धवट, आकडे नाहीत. गाडीखाली जाऊन आरसा आणि टॉर्च धरून वाचले तेव्हा मागचे दोन्ही टायर अकरा वर्षांपूर्वीचे निघाले. गाडी मधली काही वर्षं फार कमी चालली होती, म्हणून नक्षी शिल्लक.

टायरचं वय नक्षीत दिसत नाही. आत दाबाखाली असलेल्या हवेतला ऑक्सिजन रबरातून हळूहळू बाहेर झिरपत असतो आणि वाटेत स्टीलच्या पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर कडक करत जातो. उष्णतेने हे भराभर होतं. पृष्ठभागाला तडे जाऊ नयेत म्हणून रबरात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात, ते टायर चालताना लवतो तेव्हा वर येतात. उभ्या गाडीचा टायर लवतच नाही, त्यामुळे तो वाचायच्या ऐवजी उलट लवकर वाळतो. या टायरांच्या खोबणीच्या तळाशी अंगठ्याने दाबून नक्षी फाकवली की केसासारख्या बारीक भेगा ओळीने दिसत होत्या. अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, आणि बरेच टायर उत्पादक दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगतात, नक्षी कितीही असो. स्टेपनीलाही हेच लागू.

पट्ट्या सुटल्या की काय होतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पिकअपच्या घराण्यातलंच आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोररवर होते, आणि एक्सप्लोरर मुळात रेंजर पिकअपच्या सांगाड्यावर उभी केलेली गाडी. धावत्या टायरची नक्षी स्टीलच्या पट्ट्यांसकट सुटत होती आणि गाड्या उलटत होत्या. तिथल्या सरकारी नोंदीत २७१ मृत्यू जमा झाले. दोष कुणाचा यावर दोन्ही कंपन्यांत जाहीर भांडण झालं. फोर्डने त्या गाडीला २६ पीएसआय सांगितली होती, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी होती. हवेतला हा चार पीएसआयचा फरक, उष्ण हवामान आणि भरधाव वेग एकत्र आले की टायर आतून तापतो. त्याच वर्षी तिथे नवा कायदा आला आणि त्यातूनच पुढे हलक्या वाहनांना हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्या प्रकरणातले टायर सदोष नव्हते. पण अकरा वर्षांचा टायर पुढच्या चाकाला, तोही सैल सांध्यांवर, मी लावणार नव्हतो आणि तसं मालकांना तोंडावर सांगितलं.

आता पुढून मागे जाणाऱ्यांचं. नवी जोडी घेताना मालकांनी आवाज कमी करणारे, मऊ चालणारे टायर मागितले होते आणि त्यांना मोटारीचे टायर मिळाले होते. माप तेच, रिमवर बसतात तसेच. मूळ टायरवर मापापुढे १०४ होता, यांच्यावर ९८. हा भार निर्देशांक: १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, ९८ म्हणजे ७५०. त्यातही मोटारीचा टायर मालवाहू गाडीला लावला की त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची असते, म्हणजे ७५० चे उरतात ६८२. दोन टायरांचे १३६४. मागच्या ॲक्सलचा मंजूर भार होता १७०० किलो. रिकाम्या गाडीला काही कळलं नसतं. पूर्ण भरलेल्या गाडीत प्रत्येक टायरवर कुवतीपेक्षा दीडशे किलोहून अधिक वजन आलं असतं, आणि ते कळायची वेळ वेगात असताना आली असती.

पुढच्या ॲक्सलला ते कागदावर पुरत होते. पण टायर फिरवता येणार नसतील आणि पुढे-मागे वेगळ्या जातीचे असतील, तर त्या जोडीचा उपयोग अर्धाच.

विकायची की ठेवायची

चौथ्या मित्राच्या सल्ल्याचं उत्तर मी सांध्यांवरून देत नाही. आयडलर, बॉल जॉइंट, बुशं हे झिजण्यासाठीच असलेले भाग. इंजिनही उघडून बांधता येतं. माझ्या मते जुन्या पिकअपचा निकाल चेसी देते. टोयोटासारख्या टिकाऊपणासाठी नावाजलेल्या कंपनीलाही टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया या गाड्यांच्या गंजलेल्या चेसींबद्दल अमेरिकेत २०१६ मध्ये सुमारे १५ लाख गाड्यांसाठी समझोता करावा लागला होता. त्या गाड्यांची इंजिनं तोवर छान चालत होती.

इथे हातोडीने चेसी ठोकत गेलो. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द. लक्ष द्यायचं ते पाट्यांच्या हँगरभोवती, मागच्या ॲक्सलवर चेसी कमान घेते तिथे, आणि पेटीसारख्या बंद भागांच्या निचऱ्याच्या भोकांपाशी, कारण चिखल आत साचून राहतो. डाव्या मागच्या हँगरजवळ पापुद्रे निघाले. खरवडून आत शिरलो तर खाली धातू जाड आणि घट्ट. वरवरचा गंज. बाकी चेसी खणखणीत. ब्रेकच्या धातूच्या नळ्यांवर एके ठिकाणी गंजाचा फुगवटा होता, तो तुकडा मात्र त्याच दिवशी बदलला. त्यावर चर्चा नको होती.

गाडी ठेवायची असं ठरलं.

काम कोणत्या क्रमाने झालं

आधी आयडलर आर्म आणि डावा खालचा बॉल जॉइंट. उजवा बॉल जॉइंट मापात होता, पण त्याचं रबर फाटलेलं. आत धूळ गेलेला जॉइंट फार दिवस काढत नाही, म्हणून तोही. मग शॅकलची बुशं. मग टॉर्शन बारचा बोल्ट फिरवून दोन्ही बाजूंची उंची एक केली. प्रत्येक फेरीनंतर गाडी थोडी पुढे-मागे चालवून मगच मोजायचं, नाहीतर चाकं जमिनीला धरून राहतात आणि उंची खोटी येते. उंची जुळल्यावर एकही शिम (कोन जुळवायची पातळ चकती) न हलवता डावा कॅम्बर अधिक ०.१ वर आला. म्हणजे कॅम्बर बिघडलेलाच नव्हता. उंची बिघडली होती.

मग चार नवे टायर, १०४ निर्देशांकाचे, चारी एकाच जातीचे. दुकानात नवे म्हणून ठेवलेले टायरही घेताना तारीख वाचून घेतले. बॅलन्सिंग झालं. चाकांचे नट टॉर्क पान्याने, चांदणीच्या आकाराच्या क्रमात, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी. गाडीत नेहमी हत्यारांची पेटी आणि जवळजवळ दोनशे किलो सामान असतं, ते तसंच ठेवून केलं. पिकअपमध्ये मागे वजन पडलं की नाक उचलतं आणि पुढचे कोन बदलतात. जी गाडी कायम भरलेली धावते तिचं अलाइनमेंट रिकाम्या स्थितीत करून घेण्यात अर्थ नाही, आणि हे मशिनवाल्याला आपणच आधी सांगायचं असतं, तो विचारत नाही.

काढलेल्या टायरांवरून थोडी ओढाताण झाली. चौथा मित्र, तोच विकायला सांगणारा, मागचे दोन मागायला आला: "नक्षी आहे की अजून, स्टेपनीला चालतील." त्याला आरशात तारीख दाखवली. स्टेपनी लागते तेव्हा गाडी भरलेली असते आणि घर लांब असतं, हेही सांगितलं. तरी तो न्यायच्या विचारात होता. शेवटी मालकांनी दोन्हींच्या कडा स्वतः कापल्या. खाल्लेला डावा टायर त्या दोन टायरांबरोबरच गेला. उजवा, ज्याला पाच मिलिमीटर शिल्लक होती, तो मोटार वापरणाऱ्या एकाकडे गेला.

पुढे आठ हजार किलोमीटरनंतर गाडी टायर फिरवायला आली तेव्हा नक्षी गेजने मोजली. डाव्या पुढच्याला आतून ७.१, मधे ७.२, बाहेरून ७.०. उजव्यालाही तसंच. हात दोन्ही दिशांनी सारखा सरकत होता. ऐंशीची थरथर गेलेली. पंच्याण्णवच्या आसपास एक वेगळी घरघर मात्र आहे. ती स्टिअरिंगला नाही, सीटखाली जाणवते, आणि वेग धरून क्लच दाबला तरी तशीच राहते. म्हणजे इंजिनचा संबंध नाही, संशय प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याच्या) मागच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या लवत्या सांध्यावर. तो उघडायचा बाकी आहे. स्टेपनीही अजून जुनीच आहे, तिची तारीख वाचून वहीत लिहिली आणि मालकांना पुढच्या खेपेला पाचवा टायर आणायला सांगितलंय.